चार पट्ट्या खाली

हरी गेल्याचं त्याच्या बायकोने, वनितावहिनींनी, फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या गाण्याच्या क्लासात सात मुली सा लावून बसल्या होत्या. रिसीव्हर ठेवून मी परत आले, मुलींना म्हटलं, चालू दे, आणि पेटीचा भाता हलवत राहिले. एकीने विचारलं, बाई, काय झालं, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. त्याला आता दीड महिना झाला. एका वर्तमानपत्राने ‘भारदस्त आवाजाचा डबिंग कलाकार’ म्हणून चार ओळी छापल्या. त्या खोट्या नाहीत. पण हरी नाखवा आधी गायक होता, आणि तो गायक म्हणून पुढे आला नाही याला मी जबाबदार आहे. हे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. डोंबिवलीत आमचं सुगम संगीताचं छोटं मंडळ होतं. मी शाळेत संगीत शिकवायचे आणि मंडळात पेटी वाजवायचे. हरी ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, नोकरीला आमच्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात. पहिली पाळी संपवून तालमीला यायचा तेव्हा त्याच्या नखांत कधी निळा, कधी तांबडा रंग असायचा. पहिल्या दिवशी त्याने दारातून नुसतं “येऊ का आत?” विचारलं, तर रेडिओ कोणी एवढा मोठा लावला म्हणून चाळीतल्या तिसऱ्या खोलीतल्या काकू बघायला आल्या. त्याची आई सांगायची, बाप होडीवरून हाक मारायचा ती बंदरावर ऐकू यायची, तोच हा आवाज. गायला बसला की बाकीचे पुरुष जिथे सा धरतात त्याच्या चार पट्ट्या खाली याचा सा. त्याने स्वतः एक गाणं बांधलं होतं, खाडीच्या ओहोटीचं. पाणी उतरतं, होडी गाळात बसते, आणि चालही पाण्याबरोबर उतरत जाते. शेवटच्या ‘ओहोटी’ या शब्दावर तो अशा खर्जात जायचा की पेटीचं लाकूड माझ्या बोटांना थरथरलेलं कळायचं.

हेच गाणं घेऊन आम्ही रेडिओच्या ऑडिशनला गेलो. आणि तिथे मी माझं शहाणपण पाजळलं. बाहेर बाकावर नंबरची वाट बघताना आतल्या गायकांचे चढे, तयार आवाज ऐकू येत होते. मी हरीला म्हटलं, इतक्या खाली गायलास तर गाणं नाही, भाषण वाटेल. आज चार पट्ट्या वर घेऊ, सगळे गातात तिथे. तो म्हणाला, “तू शिकलेली आहेस बाई. तू म्हणशील तसं.” आत गेल्यावर ओहोटीची ओळ त्याला सोपी गेली, इतकी सोपी की त्यात काही उरलंच नाही. आणि अंतऱ्याला आवाज चिरकला. आतून “थँक यू” आलं, बस्स.

खरं सांगायचं तर मी पट्टी त्याच्यासाठी चढवली नव्हती. आत बसलेल्या जाणकारांना वाटेल, ही कसली पेटीवाली, हिला पट्टीसुद्धा कळत नाही, ही धास्ती मला होती. बाहेर चहाच्या टपरीवर त्यानेच माझी समजूत काढली. म्हणाला, “अगं, चिरकला तो माझा गळा. पेटी काय करणार?” माफी मागायची ती वेळ होती. मी चहा पीत बसले.

गंमत बघा, त्याच इमारतीच्या जिन्यात हरी कुणाला तरी वाट विचारत होता, तो आवाज एका डबिंगवाल्याच्या कानावर पडला, आणि महिन्याभरात हरी राक्षस झाला. पुढची दहा-बारा वर्षं किती राक्षस, डाकू, दुष्ट सावकार त्याच्या आवाजात बोलले याची मोजदाद नाही. पडद्यावरचे ओठ हलतील तसे शब्द बसवायचे, एकेक तुकडा पुन्हा पुन्हा. तालमीला आला की सांगायचा, “आज तीनदा मेलो रे बाबांनो, तिसऱ्यांदा कुठे जमलं.” आम्ही हसायचो. रेडिओचा अर्ज मात्र त्याने परत कधी भरला नाही, आणि मीही भर म्हटलं नाही.

नव्वदनंतरच्या एका नवरात्रात टेंभी नाक्याजवळच्या एका मांडवात त्याचा सत्कार होता. लोकांनी राक्षसाचं हसू मागितलं, त्याने दिलं. मग तो म्हणाला, आता एक गाणं म्हणतो. मी पेटी उघडली. पण मांडवातून पुन्हा हसण्याचीच फर्माईश आली. हरीने माझ्याकडे पाहिलं, आणि आणखी एकदा हसला… ते हसू मला अजून सोसत नाही.

तो गेल्यावर पंधरवड्याने मंडळाने त्याची शोकसभा घेतली. ओहोटीचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरलं होतं. आमचा आताचा मुख्य गायक, गुणी मुलगा, हळूच म्हणाला, “ताई, चार पट्ट्या वर घेऊया ना, कुणालाच झेपणार नाही.” त्याचं काही चुकलं नव्हतं. मी सगळ्यांदेखत ऑडिशनची हकिकत सांगितली. वनितावहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं. हरीने घरीसुद्धा दोष आपल्या गळ्यावरच घेतला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “त्याच्या पट्टीत वाजव.”

वाजवलं. सगळे गात गात उतरत गेले, एकेकाचा आवाज वाटेत संपत गेला, आणि ‘ओहोटी’वर कुणीच पोचलं नाही. नुसती पेटी वाजत राहिली. आता मंडळात ते गाणं असंच होतं. तेवढ्या एका शब्दाला सगळे गप्प बसतात, आणि मी तो सूर हरीला पुरेल इतका वेळ धरून ठेवते.