दसऱ्याला उघडलेला क्यामेरा

नाय गो मनस्वी, ‘फोडला’ नको लिवूस. खोड ते. धोंडुबाईनं क्यामेरा फोडला नाय, उघडला. फोडला असता तर तवाच सगळ्यांना दिसला असता, नि तिच्या जिवाला असा घोर लागला नसता.

धोंडुबाई म्हनजे माझी धाकटी जाव, असं पन लिव. तुला म्हाईत हाय, पन वाचनाऱ्याला काय म्हाईत? पेणला गनपतीच्या कारखान्यात मूर्तीचे डोळे रंगवते. हात जरा हलला का देव तिरळा. नि तिचा नवरा सुभाष, माझा दीर, फोटूवाला. लग्नाबारशाला नवीन क्यामेरा वापरतो, पन जीव सगळा त्या जपानी घडीच्या क्यामेऱ्यावर. त्याचा मामा बोटीवर खलाशी होता, त्यानं आनलेला. मिटला का जाड्या पाकिटावानी. बटन दाबलं का म्होरचं दार खाली पडतं नि आतनं काळा भाता बाहेर येतो, भजनातल्या पेटीला असतो ना, तसा. असला क्यामेरा आता शोधून सापडत नाय. रोल मुंबईसनं मागवायचा, धुवाया पन तिकडंच पाठवायचा. म्हनून भावजी मनाला आलं तरच त्यात फोटू काढायचे.

तर रोह्याला गिरजाबाई होती, भावजींच्या जुन्या वळखीची. तिच्या नवऱ्याचा फोटू भावजींनी तरनेपनी ह्याच क्यामेऱ्यात काढलेला. नवरा वारल्यावर तोच फोटू भिंतीला लागला. म्हातारीनं स्वताचा फोटू कदी काढूनच दिला नाय. लेक वैशाली मोबाईल घेऊन म्होरं आली का ही तोंडावर पदर घ्यायची. बोलायची, “कोनाच्या पन खिशात नाय मी ऱ्हायाची. पादलं तरी फोटू काढतात आताशी.”

पन भादव्यात गनपतीला भावजी तिकडं गेले, तर म्हातारी स्वताच बोलली, “सुभाष, ज्या डब्यात ह्यांना घेतलास, त्याच डब्यात मला घे. भिंतीवर शेजारी बसू दोघं. हितं कुठं बसलो कदी, ते शेतावर नि मी चुलीशी.” इरकली लुगडं नेसून वट्यावर बसली. भावजींनी एकच काढला. वैशालीनं त्याच दिवशी बापाच्या फोटूशेजारी खिळा ठोकला.

रोल पुरा झाला नव्हता. अर्धा रोल कशाला धुवायचा, म्हनून तो तसाच क्यामेऱ्यात ऱ्हायला.

मग दसरा आला. आपल्यात हत्यारं पुजतात. कोयता, विळा, धोंडुबाईचे रंगाचे कुंचले. दरसाल भावजी स्वता क्यामेरा पुसून, उघडून पाटावर मांडायचे. औंदा ते सकाळीच नवीन क्यामेरा घेऊन धाटावला गेले, एका कंपनीत मशीनची पूजा होती. धोंडुबाईनं बगितलं, सगळी हत्यारं पाटावर नि एवढं एकच कपाटात. तिला कसंतरी झालं. ज्यानं घर चालवलं त्यालाच फूल नाय? दरसाल रिकामाच असतो, म्हनून तिनं काढला, पुसला, मागचं झाकन पन उघडलं. आत काळ्या कागदाची गुंडाळी, तोच रोल गो. तिला वाटलं, जुना कागद असंल. तिथला कोपरा पन फडक्यानं पुसला, नि पुसलेला विळा सुकाया ठेवतो तसा क्यामेरा उघडाच उन्हात ठेवला. मग मिटला, हळदकुकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडले गो तिनं त्याला.

सांजला भावजी आले. पाटाकडं बगून तिथंच थबकले.

“उघडला नाय ना गो?”

त्यांचा चेहरा बगितला नि तिच्या तोंडातनं निघून गेलं, “नाय. वरनंच पुसला.”

एवढंच. पन त्या ‘नाय’नं तिचं अन्न गोड लागू दिलं नाय.

दिवाळी झाली नि गिरजाबाई गेली. वैशालीचा फोन आला, “काका, आईचा तेवढा फोटू द्या, तेराव्याला ठेवायचाय.” भावजींनी घायकुतीनं रोल मुंबईला धाडला. आला तो काळा ठिक्कर, उजेड लागला का रोल जळतो तसा. शेवटचा फोटू म्हातारीचा, तोच वरच्या बाजूला, तोच सगळ्यांत जास्त जळलेला.

भावजींनी दारंखिडक्या लावून भात्यात बॅटरी मारली, उजेड शिरायचं भोक शोधलं. नाय सापडलं. मग भिंतीला टेकून बोलले, “भाता चांगला हाय गो. माझाच हात गेला. कायतरी इसरलो असन.” धोंडुबाई तिथंच भाजी निवडत होती. निवडलेली नि टाकायची तिनं एकत्रच केली.

भावजी रोह्याला गेले, वैशालीच्या म्होरं उभे ऱ्हायले नि बोलले, “माझ्याकडनं बिघडला.” तिचे भाऊबंद बोलले, म्हातारा झाला फोटूवाला, आता त्याला बोलवू नका. तवापासनं रोह्याचं एक लगीन आलं नाय. क्यामेरा धोतराच्या फडक्यात बांधून माळ्यावर गेला.

नि ही कारखान्यात डोळे रंगवाया बसली का गनपती हिच्याकडं बगायचा. मालक बोलला, “धोंडुबाई, चार देव तिरळे केलेस, चष्मा लाव.” ती हसली. घरी येऊन माझ्यापाशी रडली. मी बोलली, “सांगून टाक गो.” तर बोलते, “जाऊबाय, आता सांगितलं तर ते मला माफ करतील एक वेळ, पन एवढे दिवस त्यांना जळताना बगत बसली, ते कसं सांगू?”

मग फागनात मुंबईचा एक मानूस आला. जुने क्यामेरे जमवनारा. भावजींनी माळ्यावरनं क्यामेरा काढला, फडकं सोडलं, त्याच्या हातात दिला नि बोलले, “न्या. ह्याला आता माझा हात नको.”

धोंडुबाई चहा घेऊन आलेली. कप तिनं खालीच ठेवले.

“देऊ नका, अवो. मी उघडला. दसऱ्याला. उन्हात ठेवला. तुमचा हात कुठं नाय गेला.”

तो पाव्हना इकडं बगतो नि तिकडं बगतो. भावजींनी त्याच्याकडनं क्यामेरा परत घेतला, बोलले, “चहा घ्या साहेब, गार होईल.” तो गेल्यावर कितीतरी वेळ भाता आत-बाहेर करत बसले. मग बोलले, “गनपतीतच रोल अर्धा धाडला असता तर? चिंगूसपना माझा पन हायच की.” नि उठता उठता बोलले, “रोह्याला कोनाला बोलू नको. म्हातारी काय परत यायची नाय. तुला बोल कशाला उगा? माझ्या नावावर हाय ते असू दे.”

त्यांना वाटलं, सुटली बाय. पन ती जास्तच अडकली गो. आदी एक खोटं होतं, आता नवरा तिच्यासाठी बोल खातोय, नि ती जेवताना त्याच्या ताटात भात वाढतेय. क्यामेरा कपाटात परत आला, पन रोल अजून त्यात भरला नाय त्यांनी.

काल ती माझ्याकडं आली. बोलली, नवऱ्याचा शब्द मोडते, पन मोडल्याबिगर मला ऱ्हावत नाय. पन स्वताहून वैशालीच्या दारात जायाला पाय उचलत नाय तिचा.

म्हनून तुला बसवली लिवायला. तू उद्या कॉलेजला रोह्याला जाशील, तवा वैशालीकडं जा. हे वाचून दाखव नि तिला सांग, फोटू सुभाषकाकांच्या हातनं नाय गेला, धोंडुबाईच्या हातनं गेला. नि मग इचार, तो खिळा अजून भिंतीला हाय का, आनि धोंडुबाई त्याच्या म्होरं येऊन उभी ऱ्हायली तर चालंल का. ती काय बोलते ते नीट ऐक, जसंच्या तसं येऊन धोंडुबाईला सांग. गोड करून नको सांगूस.