उभ्यानं लिहिणाऱ्या बाईचं कव्हर

जेवणाचं भरलेलं ताट डाव्या हातात धरून, परक्याच्या दाराबाहेर उभ्यानं, उजव्या हातानं चाळीस रकाने भरता येतील तुम्हाला? आतला माणूस जाळीच्या दारामागून बोलतोय, तुमच्या खांद्यावर औषधांची पिशवी आहे, तोंडावर ऊन आहे, आणि ताट पडलं तर नोकरी जाणार आहे. नाही ना जमणार? हे जमलंच पाहिजे असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी ते बसून ठरवलं. गार हवेच्या खोलीत, चहा पीत.

ग्वाल्हेरातल्या मुरारचे संभाजीराव कुणाच्या खिजगणतीत नाहीत. बासष्ट वर्षांचा माणूस, बाजारामागच्या गल्लीत एका जुन्या मशीनवर शाळेची दप्तरं आणि जवानांच्या बिस्तऱ्यांचे पट्टे शिवतो. आजोबा संस्थानच्या पागेत खोगिरं शिवायचे. संस्थान विलीन झालं, फौज विलीन झाली, घोडे गेले, आणि आजोबांच्या हातात कागद आला की तुमची आता गरज नाही. आमच्या मराठी मंडळातले लोक त्या पागेवर अर्धा अर्धा तास भाषण ठोकतात. संभाजीरावांना त्यांनी 'अश्वदलाचे वंशज' असं सन्मानपत्रही दिलं, चौकटीत, काच लावून. पण एकानं कधी त्यांच्याकडून साधी पिशवी शिवून घेतली असेल तर शपथ.

लीलाताई त्यांची भावजय. भाऊ वारल्यापासून त्याच घरात वरच्या खोलीत राहतात. सरकारी आरोग्यसेविका आहेत. दारोदार जाऊन ताप, लसी, गरोदर बायका, सगळ्याची नोंद करतात. दोन वर्षांपूर्वी वरच्यांनी दोन खाती एकत्र केली आणि वॉर्डांची नव्यानं वाटणी केली. त्याला पुनर्रचना म्हणतात. आमच्याकडे तिचा अर्थ एवढाच, की दोघींचं काम एकीच्या गळ्यात आणि दुसरीचं नाव 'अतिरिक्त' यादीत. लीलाताईंकडे हरिशंकरपुरम कॉलनी आणि तिच्यामागच्या चार गल्ल्या आल्या. गेल्या वर्षी रजिस्टर काढून घेतलं, टॅब दिला. काच एकदा फुटली तर ताकीद, दुसऱ्यांदा फुटली तर नाव यादीत. अतिरिक्त बायका निवडायला त्यांना ही एवढीच अक्कल सुचली.

टॅबबरोबर खात्याचं कव्हर होतं. चकचकीत, वर खात्याचा शिक्का, झाकणाला चुंबक. दुकानातल्या काउंटरवर छान दिसतं. घाम आलेल्या हातातून ते साबणासारखं निसटतं. लीलाताईंची काच पहिल्या महिन्यातच गेली. म्हणजे आता पुन्हा फुटायची मुभा उरली नव्हती.

"भाऊजी, तुम्ही काही शिवून द्याल का?" त्यांनी दिरांना विचारलं.

आणि संभाजीरावांच्या अंगात आजोबा संचारले. आठ दिवस खपून त्यांनी जाड कातड्याचं कव्हर केलं. दोन सुयांची शिवण, पितळी बक्कलं, खाली मांडीला बांधायचा पट्टा. मी बघायला गेले तर लीलाताई ते दोन्ही हातांनी उचलत होत्या.

"भाऊजी, मी पायी जाते," त्या म्हणाल्या. "घोडा घरी ठेवून."

संभाजीराव फुगून मशीनवर जाऊन बसले. मी मात्र बोलले. म्हटलं, "राव, तुम्ही स्वारासाठी शिवलंत. ही बाई स्वार आहे का? तिच्याबरोबर एक दिवस तरी फिरलात का? तुमच्यात आणि त्या खात्यातल्या साहेबात फरक काय राहिला?"

"तुम बाई लोग आदमी को जीने मत दो," म्हणाले. ग्वाल्हेरचा मराठा चिडला की हिंदीत जातो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पायताण घालून दारात उभे होते.

मीही गेले. सव्वीस घरं झाली. किती ठिकाणी लीलाताईंना बसा म्हणाले, सांगू? एका. तीही नुकती गावाहून आलेली भाडेकरू होती. बाकी सगळे सुशिक्षित, जाळीमागून बोलणारे. एका बाईंनी तर पायरीवरून खाली उतरून उभं राहायला सांगितलं, फरशी पुसली होती म्हणून. संभाजीराव लांबून नुसते हात बघत होते. लीलाताई टॅब तान्ह्या पोरासारखा डाव्या कोपरावर घेतात. अंगठा घामानं सरकतो म्हणून मध्ये पदर धरतात. उन्हात अक्षर दिसत नाही म्हणून सारख्या पाठ फिरवतात, आणि घरातल्यांना वाटतं, बाई उद्धट आहे. लसीच्या कार्डाचा फोटो काढायचा तर झाकण लोंबतं आणि कॅमेऱ्यावर येतं.

घरी येऊन त्यांनी ते कातडी धूड स्वतःच उसवलं. मग तंबूचं जुनं कापड घेतलं, धुऊन मऊ झालेलं. मागच्या बाजूला आडवा रुंद पट्टा लावला. त्यात डावा हात घातला की टॅब तळहाताला चिकटून बसतो, पकडायची गरजच नाही. झाकण वर उचलून छपरासारखं खोचलं की काचेवर सावली. चुंबक नाही, कापडी जीभ पट्टीत खोचायची. गळ्यात अडकवायला एक बंद. चारी कोपऱ्यांना नमदा, म्हणजे खोगिराखाली घालतात ती जाड लोकरीची घडी, काचेच्या पुढे बोटभर बाहेर काढलेली, पडलं तर कोपरा आधी आपटावा म्हणून.

पाडून बघायला त्या मापाची काच हवी होती. घरात एकच होती. संभाजीरावांनी सन्मानपत्र भिंतीवरून काढलं, काच सोडवली आणि कव्हरात घातली.

"अहो, मंडळाची आहे ती," लीलाताई म्हणाल्या.

"मग काय पाहिजे अजून. काही तरी कामाला आली."

जिन्यावरून टाकली, तिसऱ्यांदा टाकल्यावर कड गेली. त्यांनी कडेलाही नमद्याची पट्टी घातली. उरलेला मोठा तुकडा घालून अकरा वेळा टाकलं. काही झालं नाही. माणूस हसला नाही, नुसती दोऱ्याची शेपूट दातानं तोडली.

मी ते कव्हर घेऊन खात्यात गेले. म्हटलं, मंजुरी द्या, सगळ्या बायकांना शिवून देऊ. साहेबांनी ते दोन बोटांनी उचललं, मेलेला उंदीर उचलावा तसं, आणि टेबलावर ठेवलं.

"मैडम, ये तो टेबल पर सीधा खड़ा भी नहीं होता."

"साहेब, टेबल तुमच्याकडे आहे," मी म्हटलं. "तिच्याकडे नाही. जरा उभे राहा, हातात घ्या, एक फॉर्म भरून दाखवा."

ते उठले नाहीत. शेजारच्या बाबूकडे बघून म्हणाले, "स्पेसिफिकेशन में पीछे का पट्टा कहाँ है?" बाबूनं फाईल चाळली आणि मान हलवली. झालं. पट्टा फाईलमध्ये नाही म्हणून बाईला डावा हात नाही.

लीलाताईंनी तरी तेच वापरलं, आठ महिने. त्या काळात त्यांच्या केंद्रातल्या अकरा जणींच्या काचा खात्याच्या कव्हरात फुटल्या. लीलाताईंचा टॅब एकदाच पडला, हरिशंकरपुरममध्ये आमच्या मंडळातल्या सदाशिवरावांच्या तीन पायऱ्यांवरून, कुत्रा अंगावर आला तेव्हा. पट्ट्यातून हात काढून त्या बंद नीट करत होत्या, नेमका त्याच वेळी. तिन्ही पायऱ्या आपटत खाली गेला. काचेला ओरखडाही नाही. सदाशिवराव दारात उभे राहून बघत होते.

गेल्या महिन्यात तपासणी झाली. अकरा फुटलेल्या काचा कुणाला दिसल्या नाहीत, एक धड दिसली. नोटीस आली: अनधिकृत कव्हर वापरून शासकीय उपकरण धोक्यात घातलं, सबब नाव अतिरिक्त यादीत का घालू नये. धोक्यात म्हणे. संभाजीरावांनी नोटीस दोनदा वाचली. आजोबांच्या कागदावर निदान सबब तरी नव्हती, म्हणाले.

मग आम्ही तिघं सदाशिवरावांकडे गेलो. निवृत्त इंजिनियर, मंडळाचे माजी कार्यवाह, पागेवरचं सगळ्यात लांब भाषण यांचंच.

"पाहिलं ना तुम्ही पडताना?" मी विचारलं.

"पाहिलं तर. दणकट काम आहे हो, संभाजीराव. शेवटी रक्तात आहे."

"मग एवढंच लिहून द्या. पडला आणि फुटला नाही."

"लिहून म्हणजे… सरकारी प्रकरण आहे. मला कशाला मध्ये घेता?" आणि जाळी ओढून घेतली. संभाजीराव त्याच पायऱ्या सावकाश उतरले. मी तिथं जे बोलले ते इथं छापता येणार नाही.

लीलाताईंची सुनावणी येत्या सोमवारी आहे. आठ महिन्यांत त्या तीनशेहून जास्त दारांत उभ्या राहिल्या. त्यातलं एक दार तुमचंही असेल. असेल तर एका कागदावर दोन ओळी लिहा: अमुक दिवशी बाई आल्या होत्या, टॅब त्या कापडी कव्हरात होता, काच शाबूत होती. खाली नाव, घर नंबर, सही. शनिवारपर्यंत तो कागद मुरारला संभाजीरावांच्या दुकानात आणून द्या.