पिशवी हलवत अकोल्यापर्यंत

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी सव्वाचार वाजता, अकोल्याच्या एका दवाखान्यात माझ्या आईच्या मानेतल्या मोठ्या शिरेत नळी बसवली. तिच्या रक्तात जंतुसंसर्ग होता. ब्लडप्रेशर खाली जात होतं आणि ते वाढवणारं औषध हाताच्या बारीक शिरांतून फार वेळ देता येत नव्हतं. अडचण प्लेटलेटची होती. त्या अकरा हजारांवर आल्या होत्या. वरून प्लेटलेट न देता मानेत सुई घातली तर रक्त थांबवणं कठीण जाईल, असं डॉक्टरांनी सकाळी फोनवर सांगितलं. अकोल्यात त्या शिल्लक नव्हत्या. मी अमरावतीला राहतो. तिथे एक पिशवी मिळाली.

वडील गेल्यापासून मी देवापुढे हात जोडले नव्हते. त्या दिवशीही जोडले नाहीत. रक्तपेढीतला माणूस काही सूचना देत होता, त्याही धड ऐकल्या नाहीत. रक्त बर्फातच न्यायचं, हे आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ असतं. स्टँडवरच्या रसवंतीतून बर्फ घेतला, लागलेली एसटी धरली आणि जागेवर बसून पिशवीच्या डब्यात बर्फ भरायला घेतला.

शेजारच्या बाईंनी माझं मनगट धरलं. "भाऊ, काय हाय त्यात?"

"प्लेटलेट. आईसाठी."

"मंग बर्फ कावून? कुल्फी नेऊन राहिले का?" त्या साठीच्या होत्या, रक्तपेढीतून निवृत्त झालेल्या. "फेका तो. रक्ताले थंड लागते, प्लेटलेट थंडीनं बाद होतात. साध्या हवेत ठेवा अन् हळूहळू हलवत राहा. तोंडात देवाचं नाव ठेवा, म्हंजे हात थकत नाही."

मी बर्फ खिडकीतून टाकला. मूर्तिजापूरपर्यंत पिशवी त्यांनी मांडीवर हलवली, पुढे मी. केव्हातरी मी महादेवाचं नाव घेऊ लागलो होतो. आधीची गाडी चुकली म्हणून या गाडीत बसले, असं त्या उतरताना म्हणाल्या. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

पिशवी चढवली. डॉक्टरांनी सोनोग्राफीवर शीर पाहून एकदाच सुई घातली. सिस्टरनं दहा मिनिटं जागा दाबून धरली. रक्त थांबलं, औषध सुरू झालं.

आईला वाचवणं माझ्या हाती आहे, असं मी सकाळपासून धरून चाललो होतो. माझ्या हाती पिशवी हलवणं तेवढं होतं. उरलेलं त्या दिवसापासून मी महादेवावर सोडलं. त्या बाई माझ्या शेजारी बसल्या, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

गुरुवारी आई शुद्धीवर आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "दाढी कावून नाही केली?" शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती गेली.