हरणीची पुसली गेलेली नोंद

कारंजा तालुक्यातल्या निम्म्या गावांत मोहिनी किनकर हे नाव सांगितलं तर लोक विचारात पडतात. ‘गायीवाली वैनी’ म्हटलं की लहान पोरगंही घर दाखवतं. हायवेला लागून तिच्या नवऱ्याचं, ओमप्रकाशचं, पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे त्यांचं घर. बारावीला तिला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं. मार्क बरे होते, पण विसाव्या वर्षी लग्न झालं आणि ती गोष्ट तिथंच थांबली. पुढे चौतिसाव्या वर्षी गावात पशुसखीचं काम निघालं. सभेत बाया एकमेकींकडे बघत होत्या. गोठ्यागोठ्यांतून फिरायचं, लसीकरणाला डॉक्टरांच्या सोबत जायचं, गाभण गायींच्या तारखा ठेवायच्या, एवढं कोण करणार? मोहिनी उठून म्हणाली, “हे काम मी करीन.” घरी जाऊन तिनं ओमप्रकाशला सांगितलं तेव्हा तो टायरमधून खिळा काढत होता. “करून टाक,” तो म्हणाला, “तसंही तू गायी पाहाले चालली जातच राह्यते.”

या भागातली गाय म्हणजे गवळाऊ. पांढरीशुभ्र, लांबट तोंडाची, दिवसभर डोंगरात चरून संध्याकाळी आपली आपण घरी येणारी. ही जात टिकावी म्हणून काही गोपालकांनी मिळून एक संघ काढला होता. कोणती गाय कधी फळली, कोणत्या वळूपासून, कोणती लस झाली, कोणतं औषध मानवलं नाही, हे सगळं एका जाड रजिस्टरात असायचं आणि रजिस्टर असायचं तळेगावच्या कैलास डोंगरेकडे. कैलास आष्टीकडची गावं पाहायचा, मोहिनी कारंज्याकडची. रजिस्टर एक आणि फिरणारी माणसं दोन. मोहिनी गोठ्यात उभी राहून फोन लावायची, कैलास मोटारसायकलवर असायचा, आणि डॉक्टर घड्याळ बघत थांबायचे.

संघाच्या एका मेळाव्याला वर्ध्याहून अस्मिता जोशी आल्या होत्या. त्या तिथल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. मोहिनीचं गाऱ्हाणं ऐकून त्या म्हणाल्या, “मोहिनीताई, प्रत्येक गायीच्या कानात बिल्ला आहे ना? त्यावर बारा आकडे आहेत. दोन गायींचा आकडा सारखा नसतो. मग आपल्याला आणखी काय हवंय?”

महिनाभरात त्यांनी फोनवर चालणारं एक साधं पान करून दिलं. नोंदी ठेवलेल्या होत्या दूर कुठल्याशा सर्व्हरवर. बिल्ल्याचा नंबर टाकून ‘वाच’ दाबलं की त्या गायीची नोंद फोनवर यायची. त्यात नवी ओळ घालून ‘ठेव’ दाबलं की आख्खी नोंद परत जायची आणि जुन्या नोंदीची जागा घ्यायची. जंगलातल्या गावी रेंज नसली तर सकाळीच नोंदी वाचून फोनात घ्यायच्या, दिवसभर त्यात भर घालायची आणि संध्याकाळी रेंजमध्ये आलं की पाठवायच्या. मोहिनीला ते इतकं आवडलं की आठ महिन्यांत तिनं रजिस्टरातल्या तीनशे चौदा गायी एकटीनं चढवल्या. कैलासनंही फार कुरकुर केली नाही. रजिस्टर पिशवीत घालून हिंडायला तोही कंटाळला होता.

हेटी गावचे अण्णाजी घागरे मात्र तयार नव्हते. सत्तरी ओलांडलेला माणूस, गोठ्यात अकरा गवळाऊ. त्यांच्या सगळ्या तारखा गोठ्याच्या खांबावर कोळशानं लिहिलेल्या. “हे मले दिसते,” ते खांबाला हात लावून म्हणायचे. “तुहं ते कुठी ठेवलं हाय, तुले तरी ठाव हाय का?” मोहिनी चार वेळा जाऊन बसली, चहा प्याली, त्यांच्यासमोर एकेक गाय फोनवर काढून दाखवली. पाचव्या खेपेला ते म्हणाले, “ठीक हाय पोरी. तुह्यावर भरोसा हाय, फोनवर नाई.” आणि दिवाळीत सुनेनं गोठा सारवला तेव्हा त्यांनी खांबही पुसू दिला.

पौष महिन्यात त्यांच्या हरणी नावाच्या गायीला ताप भरला. मोहिनी सकाळी डॉक्टरांना घेऊन गेली. डॉक्टरांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं आणि पाचच मिनिटांत हरणीच्या अंगावर गांधी उठल्या, डोळ्यांभोवती सूज आली. डॉक्टरांनी लगेच उतारा दिला. तासाभरात गाय सावरली. निघताना ते म्हणाले, “हिला हे पुन्हा कधीच द्यायचं नाही. पुढच्या वेळी जड जाईल. लिहून ठेवा.”

मोहिनीनं तिथंच फोनात लिहिलं. संध्याकाळी कारंज्यात आल्यावर ‘ठेव’ दाबलं. ‘नोंद ठेवली’ अशी अक्षरं आली. तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि भाजी घ्यायला गेली.

दीड महिन्यानं मोहिनी लग्नासाठी माहेरी, वरुडला, गेली होती. त्याच दिवशी हरणीची कास सुजली. अण्णाजी बाजाराला गेलेले. घरी सून प्रमिलाबाई एकटी. तिनं टेकडीवर रेंजमध्ये जाऊन कैलासला फोन केला. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते, म्हणून कैलास दुसऱ्या डॉक्टरांना घेऊन आला. त्या डॉक्टरांनी रीतसर विचारलं, “हिला कशाची रिअॅक्शन आहे का?” कैलासनं निघतानाच वाचून घेतलेली नोंद उघडली. लस, गाभण असल्याची तारीख, दुधाचं माप, सगळं होतं. पेनिसिलीनचा शब्दही नव्हता. प्रमिलाबाईला मागच्या वेळी काहीतरी झालं होतं एवढंच ठाऊक होतं. सुईचं नाव तिला कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरांनी सुई दिली, आणि या वेळी हरणी जागेवरच कोसळली.

डॉक्टर जाणते होते, हातात उताऱ्याचं औषध होतं. दोन तास झटून त्यांनी गाय वाचवली. पण पोटात चार महिन्यांचं वासरू होतं. ते राहील की नाही, हे कोणी सांगू शकत नव्हतं.

मोहिनी दुसऱ्या दिवशी थेट हेटीला गेली. अण्णाजी ओट्यावर बसले होते. त्यांनी तिला बस म्हटलं नाही.

“तू लिवलं नाई,” ते म्हणाले.

“लिवलं अण्णाजी. देवाशपथ लिवलं.”

“मंग गेलं कुठी?”

तिनं फोन काढला आणि वाटेत रेंज असताना वाचून घेतलेली नोंद उघडली. खरंच, तिची ओळ नव्हती. आत गोठ्यात अण्णाजींनी खांबावर कोळशानं नव्यानं ठळक लिहिलेलं तिला दिसलं: ‘हरणी. पेन्सलीन नाई.’ घरी जाताना रस्ताभर तिला स्वतःचाच संशय येऊ लागला. आपण खरंच लिहिलं होतं का? का नुसतं मनात लिहिलं? कैलासनं फोनवर विचारलं, “वैनी, तुमी विसरल्या तं नसान?” तो हळूच बोलला, वाईट हेतूनं नाही. तरी तिला ते फार लागलं.

संघात बोलणं सुरू झालं की पुन्हा रजिस्टर काढावं. ओमप्रकाश म्हणाला, “इथं बसून रडू नको. ज्या बाईनं ते बनवलं तिले जाऊन विचार.” सोमवारी मोहिनीनं आर्वीवरून जाणारी एसटी धरली आणि अकरा वाजता ती अस्मिता मॅडमच्या लॅबमध्ये उभी होती.

“मॅडम, मी लिवलं का नाई लिवलं, हे तुमच्या मशीनले ठाव असन का?”

“असेल,” अस्मिता म्हणाल्या. “दारावर कोण आलं, काय मागितलं, काय ठेवलं, याची यादी सर्व्हर ठेवतो.”

त्यांनी हरणीचा नंबर आणि ती तारीख टाकली. काळ्या पडद्यावर चार ओळी आल्या. अस्मितांनी पेन्सिलच्या टोकानं एकेक दाखवली. सकाळी सात वीसला मोहिनीनं हरणीची नोंद वाचली. सकाळी आठ पाचला कैलासनं तीच नोंद वाचली. संध्याकाळी सहा दहाला मोहिनीनं ठेवली. सहा बेचाळीसला कैलासनं ठेवली.

मोहिनी त्या चार ओळींकडे बघत राहिली. तिनं लिहिलं होतं. आधी सुटकेचा श्वास आला आणि मग डोळ्यांत पाणी.

“पण कैलासभाऊ त्या दिवशी तिथं कायले आले?” तिनं विचारलं आणि तिचं तिलाच आठवलं. “हाव, त्या हप्त्यात इकडच्या गावायतबी दुधाची मापं तेच घेत होते. मी गेल्यावर दुपारी आले असतीन. त्यायच्याजवळ सकाळचीच नोंद. माही ओळ त्यात कुठून येईन? त्यायनं आपलं माप लिवलं आन सगळं पाठवलं. माह्यावर त्यायचं बसलं.”

“हो. दोघांनीही बरोबर केलं आणि नोंद मात्र चुकली.” अस्मितांनी पेन्सिल खाली ठेवली. “चूक माझी आहे ताई. दोघं जण एकाच दिवशी एकाच गायीला हात लावतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

मोहिनीनं डोळे पुसले. तिचं डोकं आता चालायला लागलं होतं. “मॅडम, एक इचारू? मी वाचलं तवा जे होतं, तेच आताबी हाय का, हे त्यानं ठेवाच्या आधी पाहून घेतलं तं? तेच असन तं ठेव. नसन तं म्हन, बाई, मदात कोनतरी लिवून गेलं, पह्यले ते वाच.”

अस्मिता हसल्या. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोनी नाई. काऊन? चुकलं का?”

“अजिबात नाही. वेबचा हा नियमच आहे. वाचताना नोंदीसोबत सर्व्हर एक खूण देतो. नोंद बदलली की खूण बदलते. ठेवताना ती खूण परत दाखवायची. जुळली तर ठेवतो, नाही जुळली तर नाकारतो आणि ४१२ असा आकडा पाठवतो. आपल्या सर्व्हरला हे येतं. आपलं पान ती खूण दाखवतच नव्हतं.” मग त्यांनी खुर्ची सरकवली. “बसा. हे तुमच्याच हातानं करू.”

मोहिनी घाबरली. तिचं कॉम्प्युटरचं शिक्षण म्हणजे बारा वर्षांपूर्वीचा तीन महिन्यांचा कोर्स. पण ती बसली. अस्मितांनी एक खोटी गाय तयार करायला लावली, नंबर शून्य शून्य एक. मोहिनीनं एकेक अक्षर शोधत हुकूम टाइप केला आणि नोंद ठेवली. मग वाचली. खूण कागदावर उतरवून घेतली. अस्मितांनी शेजारच्या मशीनवरून मध्येच त्या नोंदीत एक ओळ घातली. मोहिनीनं जुनी खूण लावून पुन्हा ‘ठेव’ म्हटलं. पडद्यावर आलं: ४१२.

“नाई म्हनते!” मोहिनी एवढ्या मोठ्यानं ओरडली की दारातला शिपाई डोकावला.

पुढचे सहा सोमवार ती वर्ध्याला गेली. पानात बदल करायचा म्हणजे कुठं काय लिहायचं, नकार आला की माणसाला समजेल असं मराठीत काय दाखवायचं, हे तिनं वहीत उतरवून घेतलं. अस्मितांना ‘नोंद नाकारली’ असे शब्द ठेवायचे होते. मोहिनी म्हणाली, “नाकारली म्हटलं तं मानूस चिडन. ‘थांबा, मदात नवीन लिवलं गेलं, आधी वाचा’ असं म्हना.” तसंच ठेवलं.

त्यानंतरच्या संघाच्या बैठकीत मोहिनीनं त्या चार ओळींचा कागद सगळ्यांपुढे ठेवला. कैलासचं नाव घ्यायला तिची जीभ रेटेना. “दोघायनं एकाच दिवशी लिवलं, एकाचं पुसलं,” एवढंच ती म्हणाली. तेव्हा कैलास स्वतः उभा राहिला. “सहा बेचाळीसले लिवनारा मी हाय. वैनीनं लिवलं होतं. माह्या हातानं पुसलं गेलं, मले मालूमच नाई.” अण्णाजी काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होते. बैठक संपल्यावर ते मोहिनीजवळ आले. “मी तुले बस म्हटलं नाई त्या दिवशी,” ते म्हणाले. “ते खराब झालं.” एवढं बोलून ते चपला शोधायला निघून गेले. त्या माणसाच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

नवं पान सुरू झालं आणि नवव्या दिवशी दुपारी कैलासचा फोन आला. “वैनी, तुमचं हे थांबा म्हनून राह्यलं! मी कायले थांबू? उन्हात उभा हाव मी.”

“वाचा ना भाऊ आधी.”

पलीकडून पुटपुटत वाचणं ऐकू आलं. मग कैलासचा बदललेला आवाज. “तुमी सकाळीच जंताचं औषध पाजलं का या कालवडीले? मी वजन लिवून आता तेच पाजाले काढलं होतं.”

“मंग ठेवा ते पिशवीत,” मोहिनी म्हणाली, “आन सावलीत जाऊन आपली ओळ लिवा.”

श्रावणात हरणी व्यायली. कालवड झाली, जरा बारकी, पण दुसऱ्या दिवशी उभी राहून दूध ओढायला लागली. मोहिनी बिल्ला मारायला गेली तेव्हा प्रमिलाबाईनं कालवडीचं तोंड धरलं. अण्णाजींनी बारा आकडे एकेक करून मोठ्यानं वाचले आणि मोहिनीनं ते फोनात टाकले. मग ते म्हणाले, “आता पाठव. मले पाहू दे कसं जाते ते.” हेटीत रेंज नव्हती. म्हणून दोघं टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत चढून गेले, मोहिनी पुढे आणि अण्णाजी काठी टेकत मागे. तिथं फोनवर रेंजच्या रेघा उमटल्या, नोंद गेली, आणि अण्णाजींनी फोन हातात घेऊन कालवडीचं नाव, रंग, आईचं नाव असं सगळं दोनदा वाचून घेतलं.

या वर्षी मोहिनीनं बारावीनंतर राहून गेलेल्या पदवीसाठी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला आहे. पहिली परीक्षा उन्हाळ्यात वर्ध्याला आहे, आणि ओमप्रकाशनं आत्ताच सांगून ठेवलंय की त्या दिवशी दुकान बंद राहील, तो तिला गाडीवर सोडायला जाणार आहे.