भिंतीवरचा पोपटी धागा

मी भंगाराचा व्यापारी. जी वस्तू काट्यावर ठेवता येत नाही, ती मी विकत घेत नाही आणि खरीही मानत नाही. भुतंखेतं, करणी, नजर... असलं सांगणाऱ्याच्या तोंडावर मी हसलेलो आहे. तरी हे लिहितोय, कारण घरात कुणाला सांगायची हिंमत होत नाही.

माझं गोडाऊन जालना एमआयडीसीत, एका रोलिंग मिलच्या मागच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड, आणि कोपऱ्यात दहा बाय दहाचं माझं ऑफिस.

जालन्याहून पाऊण तासावर, राजूरला माझी थोरली बहीण राहायची, आक्का. मंदिराच्या वाटेवर तिचं नारळ-फुलांचं दुकान. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पण माझ्या मुलीच्या लग्नात, नव्या व्याह्यांच्या पंगतीत ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यो माझा भाऊ पाठीवर गोणी टाकून उकिरड्यावर लोखंड येचायचा, बरं का!"

कौतुकानं बोलली असेल. पण व्याही हसले. ते हसू मला अजून टोचतं. एवढं सगळं उभं केलं, आणि शेवटी मी उकिरड्यावरचाच?

महिन्याभरानं ती स्वतः ऑफिसात आली. हातानं विणलेला लोकरीचा मफलर घेऊन — झगझगीत पोपटी.

"थंडीत घालशील," म्हणाली.

मी तो तिच्या अंगावर फेकला. "उकिरड्यावरच्याला मफलर कशाला?"

तिनं तो उचलला, झटकला, पिशवीत घातला आणि निघाली. चहासुद्धा विचारला नाही मी.

हिवाळ्यात एका सकाळी शेखचाचा — काट्यावरचा माझा जुना माणूस — भिंतीकडे बोट करून म्हणाला, "सेठ, ये देखो. कीडे को भी फॅशन सुझी!"

तुमच्याही भिंतीवर असतील ह्या. भोपळ्याच्या बीसारखी चपटी, राखाडी पिशवी, दोन्ही टोकांना उघडी. आत बारीक अळी असते, ती पिशवी ओढत चालते. आपण झाडूनं पाडतो, विसरतो. तर माझ्या भिंतीवरच्या पाच-सहा पिशव्यांना मधोमध पोपटी पट्टा होता. चाचानं सुईनं धागा सोडवला. लोकर.

ऑफिसात पोपटी कापडाची चिंधीसुद्धा नव्हती. कपाट, गादी, माणसांचे डबे-पिशव्या, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. भिंत धुतली, वरून चुना मारला. आठवड्यानं परत तीन. पोपटी.

माझं डोकं फिरलं. करणीला हसणारा मी, आणि फोन लावून काय बोललो तर... "आक्के, माझ्यावर करणी करून राह्यली का तू?"

मग ती खो खो हसली. "आरं येड्या, मला आता भाकर धड थापता येत न्हाई, करणी कुठून करू? मफलर तर हितं पेटीत हाय." मग हळू आवाजात, "खरंच पोपटी हाय का रं? मंग एक डबीत घालून आण की. बघते मी."

आमच्या धंद्यात जो आधी नरमला तो गेला. ती नरमली, हे माझ्या लगेच लक्षात आलं. मी म्हणालो, "बघायचं असंल तर तू ये." आणि फोन ठेवला. सौदा जिंकल्यासारखं वाटलं होतं मला.

तीन आठवड्यांनी भाच्याचा फोन आला. आक्का पहाटे झोपेतच गेली.

दहाव्यानंतर मीच पेटी उघडायला लावली. मफलर प्लास्टिकच्या पिशवीत होता, तोंडाला घट्ट गाठ. उलगडला, तर एका टोकाची वीतभर लोकर नाही. कडा कुरतडलेली. पेटीत किडा नाही, भुसा नाही, पिशवीला बारीकसं भोकही नाही. भाचा म्हणाला, "मामा, ही गाठ मीच मारल्ती... पावसाळ्यात. तव्हा पुरा होता मफलर."

ओळखीतल्या एक मॅडम कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवतात. त्यांना पिशव्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, हा एक बारकासा पतंग, तांदळाच्या दाण्याएवढा. त्याला मराठीत धड नाव नाही, अभ्यासही फारसा कुणी केलेला नाही. अळी आजूबाजूला मिळेल त्या धूळ-धाग्याचीच पिशवी विणते. एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाईल, फार तर.

"आणि राजूरहून जालन्याला?" मी विचारलं.

त्या हसल्या. मग माझ्याकडे पाहून त्यांनी पिशव्या परत माझ्या हातात ठेवल्या.

आक्का गेल्यापासून पोपटी पट्टा पुन्हा दिसला नाही. राखाडी पिशव्या येतात, जातात. चाचाला मी त्या झाडू देत नाही.

लग्नात तिनं तसं बोलायला नको होतं, हे मला आजही वाटतं. ते मी सोडलेलं नाही. भिंतीवर ती लोकर कुठून आली, ते कळलेलं नाही आणि आता कळेल असंही वाटत नाही. पण "आण की" म्हणताना तिचा आवाज कसा झाला होता, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मोटरसायकल दारात उभी होती. आणि मी ती अजून किती नरमते, याची वाट बघत बसलो.