गाळवाली हर्षला

चेंबरचं झाकण उचललं की माणूस नाकाला रुमाल लावतो आणि खाली बघतो. हर्षला आधी वर बघायची. कोणाच्या बाल्कनीत काय वाळतंय, तळमजल्यावर वडे कोण तळतंय, सगळं नजरेखालून घालायची आणि मगच वाकायची. "खाली येतं ते वरूनच ना रे?" असं वर मलाच विचारायची.

नवी मुंबईच्या मलवाहिन्यांत गाळ कुठे आणि का साचतो, हे शोधणाऱ्या प्रकल्पावर आम्ही दोघंच संशोधक होतो. ती कोपरखैरण्याच्या जुन्या गावातली, आगरी घरातली. मी मूळचा साताऱ्याचा, खांदेश्वरला राहणारा. प्रकल्प संपल्यावर दोघांपैकी एकालाच कायमची नोकरी मिळणार होती आणि मला ती हवी होती. पण मी कुठलाही आलेख पुढे केला की सर विचारायचे, "हर्षलाला दाखवलास का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात तो चहा! भर रस्त्यात गटार उघडून बसलेल्या या बाईला लोक घरातून चहा आणून द्यायचे. ती हात धुऊन कुणाच्याही पायरीवर टेकायची, "काकू, पानी तुंबतं का तुमच्याकडं?" म्हणायची, की काकू सुटल्याच. मला कधी कुणी साधं पाणी विचारलं नाही.

एकदा गणपतीनंतर एका सोसायटीबाहेरच्या चेंबरात एकाएकी राखाडी, लोण्यासारखा मऊ गाळ चढला. शेजारी बांधकाम चालू होतं. सिमेंट, दुसरं काय! मी सरांना तसं सांगून मोकळा झालो. हर्षलाने हातमोज्याच्या बोटांत गाळ चोळला आणि सवयीप्रमाणे वर पाहिलं. बाल्कन्यांवर अजून तोरणं होती.

"सिमेंट नाय रे. शाडू हाय."

ती आवारात गेली आणि चहा पिऊन बातमी घेऊन आली. सोसायटीने यंदा घरोघरच्या शाडूच्या मूर्ती एकाच टाकीत विसर्जित केल्या होत्या आणि नंतर ती टाकी याच चेंबरात रिकामी केली होती. "पानी गेलं खाडीकडं, माती बसली हितंच," ती म्हणाली. प्रयोगशाळेतही शाडूच निघाला. मला जास्त झोंबलं ते वेगळंच. त्याच गणपतीत मी घरी बादलीत विसर्जन करून ते गढूळ पाणी न्हाणीत ओतलं होतं. शाडू माझ्या हाताला लागला होता आणि शोध मात्र हिला लागला.

नोकरी अर्थातच तिला मिळाली. शेवटच्या दिवशी तिने माझ्यासाठी घरून तांदळाची भाकरी आणि सुकट आणली.

"रागावलास ना माझ्यावर?"

"छे," मी म्हणालो. मेली ती सुकटसुद्धा फर्मास झाली होती.

आता मी ऐरोलीत एका कंपनीत बसतो. दरवर्षी विसर्जनानंतर बादलीतली माती खाली बसू देतो, पाणी झाडांना घालतो आणि माती थोडी थोडी करून कुंड्यांत मिसळतो. न्हाणीत थेंब जाऊ देत नाही. या उन्हाळ्यात आमचा मोगरा असा फुलला की शेजारी बघायला आले. बायको म्हणाली, "हर्षलाताईंना फोटो पाठवा की. किती आनंद होईल त्यांना!"

"होईल ना," मी म्हणालो, "म्हणूनच पाठवत नाही."