बायनाबाईच्या जीपचं दार

आरमोरीकडच्या गावांत बायनाबाईले न ओळखणारा माणूस सापडणार नाई. दिवाळी झाली का गावोगाव मंडईची जत्रा भरते, मंडईले नाटक असते, आन् नाटकाचा पुकारा कराले बायनाबाईची जीप फिरते. टपावर भोंगा, एका हातात स्टेअरिंग, दुसऱ्यात माइक. नवरा हरिदास होता तवा तो चालवे, ही बोले. तो वारला तवा दोन्ही कामं हिनंच घेतली. धान कापणीले आला होता, सीझन तोंडावर. रडत बसाले सवड कुठी होती.

जीप फौजेच्या लिलावातली. दर सीझनले झिंगू पेंटर दारावरच्या जुन्या नाटकाच्या नावावर रंग मारे आन् वर नव्या नाटकाचं नाव काढे.

पोरगा अश्वजित चंद्रपूरले गाड्यांच्या शोरूममध्ये कामाले. यंदा सुट्टीत आला तो एकच गोष्ट डोक्यात घेऊन.

"माय, नागपूरले जुन्या गाड्यांचा मेळा भरते. हिले ओरिजनल करू, खालचा फौजेचा हिरवा रंग वर काढू."

"आन् पुकारा?"

"त्याले ऑटो सांग एखादा. हे आता अँटिक हाय."

"मीबी हाय. मले कुठी ठेवतं?"

ती वावरात गेली तशी यानं लोखंडी पत्रीनं दारावरचा रंग खरडाले घेतला. लाल गेला, निळा गेला, पिवळ्यावर पूर्ण नाव निघालं: 'धुऱ्यावरचं वैर'. हरिदासनं चालवलेला शेवटचा सीझन. बायनाबाई परत आली आन् पत्री हातातून काढून घेतली.

"हिरवा अजून खाली हाय, माय."

"फौजेत हे जीप काय करे, तुले ठाव हाय?"

"नाई."

"मलेबी नाई. इथी आल्यावर काय केलं ते समदं ठाव हाय. मंग ओरिजनल कोणतं?"

दुसऱ्या दिवशी पुकारा होता आन् झिंगू सासुरवाडीले गेला होता. दार तसंच घेऊन बाई निघाली. भोंग्यात 'सून आली शहरातून', दारावर 'धुऱ्यावरचं वैर'. देलोड्याच्या चौकात दसरूबुढ्यानं जीप अडवली.

"बाई, भोंगा एक सांगते, दार दुसरंच. आज कोणतं हाय?"

"भोंगा आजचा, दार तवाचं."

"तवाचंच लावा ना. ते पाहून गावचा पाटील रडला होता."

"पाटील नाई, तू रडला होता," मागून कोणी म्हटलं. चौकात जुन्या नाटकावरून वाद पेटला. राती वाद घालणारे समदे बुढे नवं नाटक कसं हाय ते पाहाले आले, घरच्यांले घेऊन.

सकाळी नाटक कंपनीचा मॅनेजर रोशन तणतणत आला. "बाई, दारावर माह्या नाटकाचं नाव पाह्यजे. नाईतर दुसरी गाडी पाहतो."

"पाह्य. पण काल मंडप भरला का नाई, ते पयले सांग."

"भरला," रोशननं कबूल केलं.

"नाव काढाचं तर बोनेटवर काढ. दार भरलं हाय."

झिंगू सासुरवाडीहून परतला होता, रोशन त्याले बोलवाले गेला. अश्वजित म्हणाला, "मंग मी काय करू?"

"ब्रेक नवे टाक. ओरिजनल ब्रेकनं मी एखाद्या दिवशी नाल्यात जाईन."

झिंगू बोनेटवर वाकला, पोरगा गाडीखाली घुसला. बायनाबाईनं दोघांलेही बजावलं, दुपारच्या आत आटपा, वैरागडचा पुकारा हाय.